रिकामा चौकोन

१० जून, मंगळवार

"तू असं काय केलंस, की तुझी पत्रं कुणी घ्यायला तयार न्हाई?"

बाबांनी जेवताना विचारलं. रागानं नाही, भाकरी मोडता मोडता, खरंच समजून घ्यायचं म्हणून. मी इंजिनिअर. घरातली पहिली पदवी माझी. ती फ्रेम करून भिंतीवर लावली आहे आणि तिच्याच खाली बसून मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आत्ताही येत नाही. म्हणून ही वही काढली. झालं ते क्रमानं लिहिते, बघू मलाच काही उमगतं का.

बीदरच्या आमच्या वसतिगृहात यंदा चौसष्ट मुलींना जागा दिल्या. पदवीची तीन वर्षं राहणं-जेवण फुकट. ट्रस्ट अमरदीप सरांचा. ऑफिस म्हणजे मी, संतपूरच्या आमच्या घराची पुढची खोली आणि एक सर्व्हर. सर्व्हर म्हणजे हैदराबादेतल्या कुठल्याशा इमारतीत भाड्यानं घेतलेलं मशीन. ट्रस्टचं स्वतःचं पोस्ट ऑफिसच म्हणायचं. ते मी एकटीनं उभं केलं. सर म्हणाले होते, फुकटचा मेल घे आणि मोकळी हो. मीच हट्ट धरला. मुलींची पत्रं आणि त्यांची उत्तरं आपल्याच दारातून जावीत, यावीत.

आज सकाळी चौसष्ट पत्रं सोडली. तुम्हाला जागा मिळाली आहे, वीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा पुढच्या फेरीत नव्यानं अर्ज करणाऱ्या मुलीला जाईल. दहा मिनिटांत चौसष्टच्या चौसष्ट परत. मुलींचे पत्ते सगळे एकाच मोठ्या मेल कंपनीचे, आमच्याकडे दुसरं कुणी वापरतच नाही. प्रत्येक पत्रावर तिचा एकच शेरा: पाठवणारा स्पॅमच्या यादीत आहे. स्पॅम म्हणजे लॉटरी लागल्याच्या थापा, केस उगवायची तेलं, न मागता दारात येऊन पडणारी घाण. त्या यादीत आम्ही.

फोन का करत नाही, हेही लिहून ठेवते. मागच्या वर्षी फोनच केले होते. आमच्याच गल्लीतल्या ज्योत्स्नाच्या घरी फोन लागला तेव्हा तो तिच्या भावाच्या हातात होता. "न्हाई यायची ती," म्हणाला आणि ठेवला. आपल्याला जागा मिळाली होती, हे ज्योत्स्नाला कळलं तेव्हा ती सोयाबीन काढत होती. त्यानंतर मी नियम लिहिला: होकार असो की नकार, मुलीनं स्वतः, लेखी द्यायचा. सरांनी तो जसाच्या तसा घेतला. यंदा ज्योत्स्नानं पुन्हा अर्ज केला आहे आणि आता ती माझ्याच नियमात अडकली आहे. तीही आणि बाकीच्या त्रेसष्ट जणीही.

दहा दिवस आहेत.

११ जून, बुधवार

यादी कुणाची ते सापडलं. परदेशातली एक संस्था आहे. ती असल्या घाणेरड्या सर्व्हरांची नोंद ठेवते आणि मेल कंपन्या ती बघून दार उघडतात किंवा लावतात. आमच्या नावापुढे लिहिलं आहे: "या पत्त्यावरून नको असलेली पत्रं आल्याच्या पुष्कळ तक्रारी." कुणाच्या, कधी, काही नाही.

नाव काढायचा फॉर्म आहे. सगळा भरला. शेवटी एक छोटा चौकोन आणि त्यापुढे एक वाक्य: या पत्त्यावरून नको असलेली पत्रं गेली हे मला मान्य आहे. चौकोनात खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.

मला मान्य नाही! मे महिन्यात आम्ही प्रत्येकीला तीन पत्रं पाठवली. अर्ज मिळाला, कागदपत्रं आणा, मुलाखतीला या. यातलं कोणतं नको होतं?

फॉर्म तसाच बंद केला आणि मेल कंपनीच्या पानावर जाऊन तक्रार टाकली. मला खात्री आहे, भानगड शेजाऱ्यांची आहे. त्या हैदराबादच्या इमारतीत आमच्या ओळीत शंभर मशीनं आहेत. त्यातल्या कुणीतरी घाण पाठवली असणार आणि यांनी अख्ख्या ओळीला काळं फासलं. वस्ती कोणती ते बघून दार लावून घ्यायचं, ही रीत मला नवीन नाही. पण निदान ते करताना आमच्याकडून कबुली तरी मागू नका.

१२ जून, गुरुवार

स्टँडवर गुरुलिंग अण्णांकडे जाऊन आले. त्यांचं ऑनलाइन सेंटर आहे: झेरॉक्स, आधार, बिलं, फॉर्म. घरी बायकोशी, रत्नम्मा अक्कांशी, कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीन अडलं की दखनी उर्दूत शिव्या. माझा पीयूसीचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, फॉर्म त्यांनी भरला, इंजिनिअरिंगचाही त्यांनीच. आमच्या भागात फॉर्मवर ईमेलचा रकाना आला की अण्णांचा पत्ता लिहायचा, हे ठरलेलंच आहे. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर तोच होता. यंदाच्या चौसष्ट अर्जांपैकी त्रेचाळीस अर्जांवर तोच आहे. पत्र अण्णांकडे गेलं म्हणजे पोरीकडे गेलं.

विचारलं, मे महिन्यातली तिन्ही पत्रं नीट आली होती ना?

"आलती की! एक बी हरवलं न्हाई," अण्णा म्हणाले. "पोरगी आली की काढायचं, छापायचं, हातात द्यायचं. आन् ऐक शीला, तुमची पत्रं मी माझ्या मेलात मिसळूच देत न्हाई. आली की समदी निवडतो, एक बटन दाबतो, गेली बाजूच्या खोक्यात. विमा, बिलं, आधार एकीकडं. आपल्या पोरी एकीकडं."

"एवढं कशाला करायलाव अण्णा? तुमचं काय कमी काम हाय?"

"कामून करू नको? पोरींच्या जन्माचं काम हाय ते. उद्या विम्याच्या कागदात गेलं तर कुणाला सापडंल?"

मला भरून आलं. कुठली परदेशातली संस्था आमच्या पत्रांना कचरा म्हणते, आणि इथे हा माणूस ती एकेक करून जपून ठेवतो. चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

१३ जून, शुक्रवार

सरांचा फोन.

"पंचशीला, तू खूण का करत नाहीस?"

"सर, ते खोटं आहे."

"खोटं-खरं बघायला तिथे माणूस बसलेला नाही. मशीन आहे. खूण केली की दोन दिवसांत नाव निघतं, मी विचारून घेतलं."

"मग मशीनजवळ तरी खोटं का बोलायचं?"

ते म्हणाले, "तुझ्या तत्त्वासाठी चौसष्ट मुलींच्या जागा जायला नकोत, एवढं बघ."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाही. मी खरंच माझ्यासाठी भांडते आहे की त्यांच्यासाठी? सर वाईट नाहीत. मला ही नोकरी त्यांनी दिली तेव्हा माझ्याकडे अनुभवाचं एक ओळीचं पत्रही नव्हतं.

संध्याकाळी फॉर्म पुन्हा उघडला. चौकोनावर बाण नेला. वीजच गेली. ती आल्यावर पुन्हा उघडला नाही.

१४ जून, शनिवार

बाबांना चौकोनाचं सांगितलं. त्यांना सर्व्हर कळत नाही, पण चौकोन लगेच कळला.

"म्हंजी सही मागायलेत," म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं. बाबा गवंडी आहेत. बावीस वर्षांचे असताना शाळेच्या बांधकामावर होते, भालकीकडे. सिमेंटची पोती गेली. कुणी नेली ते साइटवरच्या सगळ्यांना माहीत होतं. ठेकेदार म्हणाला, राजपाल, तू एक सही कर की पोती माझ्याकडून गेली, मी तुला काही करत नाही, वरून विचारणा आहे, कागद भरून मिटवून टाकू.

"आन् तुम्ही केली?"

"केली. मिटतंय म्हनले, केली." ते हाताची बोटं बघत होते. "मिटलं न्हाई बाई. मानसं मरतेत, कागद ऱ्हातंय. त्या अंगाला सात वर्सं मला कुणी कामावर घेतलं न्हाई. भिताडं बांधायला हैदराबादला कामून गेलतो मी? हौस म्हनून?"

माय आतून म्हणाली, "पोरीला कशाला सांगायलाव ते?"

"तिला बी कुनीतरी मिटतंय म्हनायलंय, म्हनून."

बाबा हैदराबादला होते त्या वर्षांबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते सणाला आले की माझ्यासाठी बिस्किटं आणायचे.

मी खूण करणार नाही. हे आज पक्कं.

१६ जून, सोमवार

मेल कंपनीचं उत्तर आलं. तीन ओळी. शेजाऱ्यांचा संबंध नाही, तुमच्याच सर्व्हरवरून गेलेल्या दर शंभर पत्रांतली सदुसष्ट पत्रं मिळणाऱ्यांनी "नको असलेली" म्हणून नोंदवली आहेत. तुमची यादी तपासा.

शंभरात सदुसष्ट.

दिवसभर हाताला काम लागलं नाही. आम्ही मुलींशिवाय कुणालाच काही पाठवलेलं नाही. म्हणजे मुलींनीच? मुलाखतीला आल्या तेव्हा माझ्याशी हसून बोलल्या, "अक्का, अक्का" करत मागे फिरल्या, आणि मग शंभरातल्या सदुसष्टजणींनी माझ्या पत्रावर कचऱ्याचं बटन दाबलं? का? भाषा कडक होती का? की घरच्यांनी बसून दाबायला लावलं? की मला वाटतं तेवढी कुणाला गरजच नाही आणि मी उगाच यांच्या नावानं पोस्ट ऑफिस उघडून बसले आहे?

शेजाऱ्यांबद्दल मी किती छातीठोक लिहिलं होतं, ते वर वाचलं. खोडत नाही. राहू दे.

माय म्हणाली, "चौसष्ट पोरींना सांगावा धाडायचा तर म्या दोन दिसांत धाडला असता. तुझं मशीन आठ दिस बसून हाय." हसायला हवं होतं. तिच्यावर ओरडले.

चार दिवस उरले.

१७ जून, मंगळवार

आज जे झालं त्याची मला लाज वाटते आहे, तेही लिहिते.

सकाळी ज्योत्स्ना आली. पाणी भरायला निघाली होती, रिकामी घागर तशीच कडेवर. "अक्का, यादी लागली का?" तिनं विचारलं. आणि मी, तिला बस म्हणायचं सोडून, पोलिसासारखी विचारती झाले: मे महिन्यात माझी पत्रं आली तेव्हा तू काय केलंस? कुठलं बटन दाबलंस? खरं सांग.

तिनं घागर दुसऱ्या कडेवर घेतली.

"मी कसलं बटन दाबू? मला ते दिसतंय कुठं? अण्णा कागद काढून देतेत, मी घडी घालून ठेवते." मग तिनं घागर खाली ठेवली. "पत्र नको असतं तर मी कामून आले असते? मागल्या वर्साचं न आलेलं पत्र बी हवं होतं मला."

ती घागर उचलून निघून गेली. मी तिथंच बसले. अण्णा कागद काढून देतात. त्रेचाळीस मुली, प्रत्येकीला तीन पत्रं: एकशे एकोणतीस. आम्ही एकूण पाठवली एकशे ब्याण्णव. भागाकार करायला कागदही लागला नाही. शंभरात सदुसष्ट.

एका बटनानं बाजूच्या खोक्यात. बारा तारखेला त्यांनी मला हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं आणि मी त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहून, चहा पिऊन घरी आले होते!

स्टँडवर पळतच गेले. अण्णांनी मेल उघडून दाखवला, अगदी कौतुकानं. "हे बघ, निवडलं. हे बटन. गेली." बटनावर लिहिलं होतं: स्पॅम म्हणून कळवा. खोक्याचं नाव: स्पॅम. आत आमच्या मुली, एकावर एक, तारखेप्रमाणे नीट लावलेल्या.

"अण्णा, स्पॅम म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"

"खोक्याचं नाव. दुसरं काय? त्यात माझं काही येत नव्हतं, रिकामं होतं, म्हनून पोरींना दिलं." मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज खाली आला. "का गं? चुकलं काय?"

सांगितलं. बटन दाबलं की कंपनीकडे तक्रार जाते. एकशे एकोणतीस वेळा गेली. आणि त्या खोक्यातलं पत्र तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

"पुसतंय?" अण्णा उठून उभे राहिले. "कोन पुसतंय? माझ्या खोक्यात हात घालून?" मग खाली बसले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना हातानंच बाहेर घालवलं. "अय्यो शिवने. सांभाळायला म्हनून ठेवली मी, शीला."

मी चिडले होते. येताना वाटेत काय काय बोलायचं ते ठरवून आले होते. त्यातलं काहीच बोलले नाही. पहिली पत्रं वीस मेची, म्हणजे पुसली जायला दोनच दिवस होते. आम्ही दोघांनी बसून एकशे एकोणतीस पत्रं एकेक करून बाहेर काढली. दर पत्राला अण्णा त्या मुलीचं नाव मोठ्यानं वाचत होते, शाळेतल्या हजेरीसारखं.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "आता तरी जाईल काय तुझं नवं पत्र?"

"नाही. यादीत नाव आहे तोवर नाही."

"पन हे अडतंय कामून? खोकी त्या कंपनीच्या घरात हायेत म्हनूनच ना?"

"हो."

"मग तुझ्या पोस्टात खोकी न्हाईत काय? तिथंच एकेकीला दे की. भायेर जायचंच काम न्हाई."

मी इंजिनिअर. पदवी फ्रेममध्ये. आठ दिवस मी बंद दारावर धडका देत होते आणि हे मला सुचलं नव्हतं. आमच्या सर्व्हरवरून आमच्याच सर्व्हरवर जाणारं पत्र कुणाच्याच फाटकातून जात नाही. त्याला कोण अडवणार?

१८ जून, बुधवार

पहाटेपासून चौसष्ट टपालपेट्या तयार केल्या. प्रत्येकीच्या नावाची एक, आणि प्रत्येकीत जागेचं पत्र टाकून ठेवलं. कुठंही अडलं नाही. पासवर्ड मात्र प्रत्येकीनं स्वतः ठरवायचा, मलाही न सांगता. अण्णांनाही नाही. मंठाळच्या, निंबर्ग्याच्या आणि लांबच्या एकवीस जणींना फोन करते आहे. फोन कुणीही उचलो, त्याला एवढंच सांगते की मुलीला जवळच्या सेंटरवर पाठवा, पान असं उघडा. काय पत्र आहे ते सांगत नाही. उत्तर तिनं आत जाऊन द्यायचं. निंबर्ग्याचे एक गृहस्थ म्हणाले, "मला सांगा की, मी तिचा मामाच आहे." म्हटलं, मामा, तिलाच पाठवा.

दुपारी सरांना सगळं कळवलं. ते खूश झाले. मग म्हणाले, "हे तर फारच सोपं झालं. त्या संस्थेला लिहून टाक की एका अडाणी एजंटानं चुकीचं बटन दाबलं, त्याचा पत्ता यादीतून काढला आहे. आणि खाली खूण कर."

"अण्णा अडाणी नाहीत सर. माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म त्यांनी भरलाय."

"अगं, लिहायची पद्धत असते ती."

"आणि पत्रं तरीही नको असलेली नव्हतीच."

सर म्हणाले, "तू फार ताणतेस." ताणते आहे खरी.

आणि एक गोष्ट, जी मी सरांना सांगितली नाही. त्रेचाळीस अर्जांवर एकाच माणसाचा पत्ता असल्याचं मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मुलीनं स्वतः लेखी द्यायचं असा नियम लिहिणारी मी, आणि ते पत्र जाणार दुसऱ्याच माणसाच्या खोक्यात, यात मला काही खटकलं नाही. मी स्वतः त्याच पत्त्यावर वाढले ना. चूक कुणाची असं विचारलं तर पहिलं नाव माझं येतं. पण ही चूक त्या चौकोनातली नाही.

१९ जून, गुरुवार

अण्णांनी आज दुकानाबाहेर खडूनं लिहिलं: आज फक्त पोरींचं काम. आधारवाल्यांना परत पाठवलं. एकजण वाद घालायला लागला तर रत्नम्मा अक्का आतून म्हणाल्या, "उद्या या, आधार काय पळून जात नाही."

त्रेचाळीसपैकी छत्तीस आल्या. काहींच्या आया सोबत. अण्णा प्रत्येकीला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "टाक गं, मी बघत न्हाई."

"अण्णा, पासवर्डात काय टाकू?"

"मला सांगितलास तर मग तो पासवर्ड कसला गं, खुळे?"

एकीनं तीनदा टाकला आणि तीनदा विसरली. तिला अण्णा म्हणाले, "नवऱ्याचं नाव ठेव, तेच घ्यायला लाजतीस ना, कुनाला कळायचं न्हाई." ती म्हणाली, "लग्न न्हाई करायचं म्हनून तर जायलेय." सगळं दुकान हसलं, तिची आई सोडून.

ज्योत्स्ना आली नाही.

२० जून, शुक्रवार

सकाळी राहिलेल्यांपैकी सहा जणी येऊन गेल्या. मग दुपारी दोनला बाबा ज्योत्स्नाच्या घरी गेले. मी सांगितलं नव्हतं. तिच्या भावाबरोबर त्यांनी कधीकाळी एका भिंतीवर काम केलेलं. काय बोलले माहीत नाही. परत येऊन म्हणाले, "येईल. तिला म्हनलं, माझ्या पोरीनं तुला चोरासारखं इचारलं, तिचं मन साफ करून जा."

चार वाजून दहा मिनिटांनी आली. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ खुर्चीवर बसली. मी म्हटलं, "ज्योत्स्ना, त्या दिवशी माझं चुकलं." ती म्हणाली, "व्हय, चुकलं." आणि मग, "कुठं दाबू?"

पत्र उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं पत्र तिनं स्वतः पडद्यावर वाचलं. ओठ हलवत, दोनदा. उत्तर लिहायला एका बोटानं पंधरा मिनिटं लागली. पाचच्या आत आमच्या सर्व्हरवर पडलं. इथे उतरवून ठेवते: "मी येते. हे मीच लिहिलंय. ज्योत्स्ना."

पाच वाजता मोजलं. एकसष्ट होकार. दोन नकार, तेही स्वतः लिहिलेले. एकीनं पत्र उघडलं, पण उत्तर दिलं नाही.

२३ जून, सोमवार

सरांनी शनिवारी सांगितलं होतं: जागा भरल्या, देव पावला, आता सोमवारी तेवढी खूण करून विषय संपव, देणगीदारांना आणि कॉलेजांना आपले मेल अजून जात नाहीत. त्यांचं बरोबर आहे, जात नाहीत.

शनिवारी रात्रीच बसून पत्र लिहिलं. कागदावर. मेल कंपनीच्या बंगळूरच्या ऑफिसला एक आणि त्या यादीवाल्या संस्थेला एक. इंग्रजीत, आणि खाली तेच मराठीत आणि कन्नडमध्ये, चैत्रानं करून दिलं, अण्णांच्या मुलीनं. आमच्याकडे ईमेलच्या रकान्यात एका माणसाचा पत्ता का असतो, त्यानं ती पत्रं कशी आणि का बाजूला ठेवली, सगळं जसं झालं तसं. त्याला अडाणी म्हटलेलं नाही. शेवटी लिहिलं: "आमच्या सर्व्हरवरून नको असलेलं एकही पत्र गेलेलं नाही. चौकोनात खूण न करता नाव काढायची तुमच्याकडे सोय नसेल, तर ती करावी."

काल दिवसभरात अण्णांच्या दुकानात येऊन त्रेचाळीस मुलींनी पत्राच्या शेवटी एकाच वाक्याखाली सह्या केल्या: "ही पत्रं मला हवी होती." मराठीत, कन्नडमध्ये, एकीनं उर्दूत. उत्तर न दिलेलीनंही केली. तिचा भाऊ सोबत होता आणि सगळा वेळ तिच्या खांद्यावरून वाचत होता. नकार दिलेल्या दोघींपैकी एक यांच्यातलीच. ती म्हणाली, "मी न्हाई म्हनले ते जागेला. पत्राला न्हाई."

अण्णांनी सही केली आणि वर दुकानाचा शिक्का मारला. मी म्हटलं, शिक्का कशाला? म्हणाले, "असू दे. कंपनीला कळू दे, हितं बी ऑफिस हाय."

सकाळी पाकीट चिकटवायला घेतलं तर बाबा जवळ येऊन उभे राहिले.

"काय लिवलंस, वाच."

वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

"म्या बी करू का सही? साक्षीदार म्हनून?"

मी पेन दिला. ते कागदावर वाकले. मग अगदी सावकाश, अक्षर अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट. पेनाला टोपण लावून मला परत दिला आणि कामावर निघून गेले.

दोन्ही पाकिटं अकरा वाजता स्पीड पोस्टानं गेली. पावत्या या पानाला टाचल्या आहेत. घरी येऊन त्या संस्थेचा फॉर्म उघडला, चौकोन रिकामा होता. तो तसाच ठेवून पान बंद केलं, आणि सरांना फोन करून सांगितलं की खूण केलेली नाही, करणार नाही, आणि पत्र गेलेलं आहे.